जांभळ्याचा ओढा

१९ फेब्रुवारी

बारके,

पोचले. हे पत्र तू उघडणार नाहीस असं धरूनच लिहिते आहे, म्हणजे हात मोकळा चालेल. आई म्हणाली, माझं नाव निघालं की तू भिंतीकडे तोंड करतेस. कर. फक्त पत्र फाडू नकोस. पाकिटावर तुझ्या संशोधन केंद्राचा शिक्का आहे, त्याची तरी बूज राख.

इथं केंद्रावर तुझ्याच खोलीत राहते आहे. खुंटीवर तुझा हिरवा रेनकोट आहे, खिडकीत शेवाळाच्या बाटल्या आहेत आणि दाराशी गमबूट आहेत. दोन्ही. आल्या आल्या मी ते पलंगाखाली सरकवले. मग वाटलं, हे चोरीचा माल लपवल्यासारखं झालं. पुन्हा दाराशी आणून ठेवले.

का आले ते सांगते, कारण तू विचारणार नाहीस. इतकी वर्षं तू दर हंगामात या ओढ्यावर बसून तुझ्या जांभळ्या चतुराकडे, त्या पाण्यावर उडणाऱ्या किड्याकडे, बघत आलीस. सख्ख्या बहिणीच्या लग्नातसुद्धा तू अक्षता पडल्या न पडल्या तोच निघालीस, कारण 'माद्या अंडी घालायला येतील आता.' माझंच लग्न होतं ते, म्हणून लक्षात आहे. गेल्या पावसात ओढ्यावर दरड कोसळली, त्यात तू सापडलीस. पण जांभळ्याचं काय झालं, तो उरला की संपला, हे बघायला यंदा कुणीच नाही. केंद्रप्रमुख म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." आणि तू भिंतीकडे तोंड करून "हं" म्हणालीस. 'पुढच्या वर्षी' या शब्दाला तू हो म्हणालेली मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्याच दिवशी दवाखान्याला कुलूप लावायचं ठरवलं. गावात दात उपटायला इतर दंतवैद्य आहेत.

तुझे भावोजी म्हणाले, "तुला मुंगी आणि मुंगळ्यातला फरक कळत नाही, तू काय चतुर बघणार?" खरं आहे. पण बसून बघायला काय लागतं? डोळे आणि बैठक. दोन्ही आहेत माझ्याकडे, त्यातलं एक जरा जास्तच.

सहीबद्दल मी या पत्रांत काही लिहिणार नाही.

ताई


२ मार्च

बारके,

आज ओढ्यावर गेले. तुझ्या वाटाड्यानं नेलं. तो माझ्याशी फार बोलत नाही. तुला नुसतं 'बाई' म्हणायचा ना? मला 'मोठ्या बाई' म्हणतो, आणि ते वयावरून की घेरावरून हे विचारायची मला हिंमत झालेली नाही.

दरडीबद्दल लिहू की नको, असं झालं होतं. पण आई म्हणते तू पत्र उघडत नाहीस आणि टाकूनही देत नाहीस, उशाच्या टेबलावर नीट जपून ठेवतेस. तेव्हा लिहिते. तुझ्या बसायच्या जागेवर आता लाल मातीचा ढीग आहे. दोन्ही काठांची मोठी झाडं गेली. जिथं म्हणे दुपारीसुद्धा अंधार असायचा तिथं टोपीशिवाय उभं राहवत नाही, असं ऊन आहे. पाणी वाहतं, पण चहासारखं गढूळ. वाटाड्या ढिगाच्या अलीकडंच थांबला. पलीकडं त्यानं पाऊल टाकलं नाही. तो नुसता उभा राहून पानाचा देठ चावत होता.

पण एक आनंदाची बातमी आहे! मला जांभळ्या दिसला. खाली, पुलाशी. काडीइतका बारीक, निळा-जांभळा, पाण्यावर वाकलेल्या पानाच्या टोकाला पंख अगदी नीट मिटून बसला होता, शहाण्या मुलानं हाताची घडी घालावी तसा. मी टाळी वाजवली. तो उडाला. वाटाड्या आभाळाकडे बघत राहिला.

तर तुझा जांभळ्या आहे. काळजी करू नकोस.

ताई


१३ मार्च

बारके,

तुझं कार्ड आलं. टपाल आणणाऱ्यानं ते हातात दिलं तेव्हा अक्षर ओळखून मी पायरीवरच बसले. महिनोन् महिने तू माझ्याशी चकार शब्द बोलली नव्हतीस, आणि बोललीस ते हे:

'पंख मिटून बसते ती टाचणी. चतुर पंख पसरून बसतो. हे शाळेतल्या पोरांना कळतं.'

ना नाव, ना गाव, ना 'प्रिय ताई'. मी ते दहादा वाचलं. स्वयंपाकीणकाकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बाईच आहेत, शंकाच नको. मला पण अशाच बोलायच्या." आणि पदर डोळ्याला लावला. काकूंची दाढ मी परवाच काढली आहे, सबब त्यांचं रडणं नक्की कशाचं ते सांगता येत नाही.

बरं, टाचणी तर टाचणी. शिकले. शिवाय केंद्रातल्या काचेच्या टाकीत साध्या चतुराचं पिल्लू आहे, ते रोज बघते. पाण्यात राहणारं, मातकट, खेकड्याची आणि झुरळाची सोयरीक जमल्यासारखं रूप. काल त्याच्यापुढून एक किडा पोहत गेला आणि या बाळानं खालचा ओठ हातासारखा लांबवून फेकला, किडा धरला आणि ओठ घडी करून पुन्हा तोंडाखाली ठेवला. मी ओरडलेच! इतकी वर्षं लोकांच्या जबड्यात डोकं घालून बसले, पण असा जबडा नाही पाहिला. हे तू मला कधीच का नाही सांगितलंस? सांगितलं असशील. मी तेव्हा 'हो का' म्हणून भाजी परतत असेन.

आता खरी बातमी. ढिगाऱ्याजवळ उन्हात चतुर येतात, पंख पसरून बसतात. लालभडक आहेत. दिवसेंदिवस जास्त दिसतात. तुझ्या जांभळ्याचे भाऊबंद असतील असं वाटतं. छान दिसतात.

आई म्हणते नवा पाय आलाय आणि खोक्यासकट कपाटात ठेवलाय. मी काही म्हणत नाही. नुसतं कळवते की मला कळलं.

ताई


२६ मार्च

बारके,

तुझं दुसरं कार्ड पहिल्यापेक्षा लांब आहे, आणि मला ते आलं नसतं तर बरं असं वाटलं.

'लाल चतुर कुठंही राहतो. डबक्यावर, गटारावर, बांधकामाच्या खड्ड्यावर. तो आत शिरला म्हणजे जंगल उघडं पडलं. जांभळ्याला सावली लागते आणि थंड, वाहतं, नितळ पाणी लागतं. त्याची पिल्लं दोन-दोन वर्षं दगडाखाली काढतात. त्या दगडांवर आता डोंगर बसलाय. संपलं ते. घरी जा.'

वाटाड्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बाई म्हणतात तर तसंच." मी रागानं म्हटलं, "बाई तिकडे उशाला टेकून म्हणताहेत, तुम्ही इथं उभे आहात!"

घरी जायला हरकत नव्हती. पण तू पत्रं वाचतेस हे आता पक्कं झालंय, आणि मग जे लिहिणार नाही म्हटलं होतं ते लिहिल्याशिवाय जाणं म्हणजे पळून जाणं.

हॉस्पिटलात तू शुद्धीवर होतीस तेव्हा सर्जनना म्हणालीस, "पाय काढायचा नाही. मेले तरी चालेल." स्पष्ट म्हणालीस. मी पलंगाशी उभी होते, मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी तुला शुद्ध नव्हती, ताप उतरत नव्हता आणि काळेपणा घोट्यावरून वर चढत होता. सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, "जवळचं कोण आहे?" माझ्या दवाखान्यात मी साध्या अक्कलदाढेला पेशंटचं म्हणणं विचारते. नवऱ्यानं बायकोच्या वतीनं हो म्हटलेलं मला चालत नाही, आईनं मोठ्या मुलाच्या वतीनं म्हटलेलं चालत नाही. म्हणजे मला काही कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं. आणि मी सही केली.

मी माफी मागत नाही, बारके. माफी मागायची तर 'पुन्हा असं करणार नाही' म्हणावं लागतं. मी पुन्हा करीन. उद्या करीन. तुझा राग मला समजतो. तो चूक आहे असंही मी म्हणत नाही. तू जिवंत राहून माझ्यावर रागावली आहेस, हा सौदा मला परवडतो एवढंच.

आता बोल नाहीतर बोलू नकोस.

ताई


११ एप्रिल

बारके,

तुझं काहीच आलं नाही. आई म्हणाली, ते पत्र वाचून तू दिवसभर जेवली नाहीस. मग संध्याकाळी उठून कुबड्यांवर स्वयंपाकघरात गेलीस आणि भांडी आपटलीस. आई घाबरली होती. मला मात्र बरं वाटलं. भांडी आपटायला उभं राहावं लागतं.

मी गेले नाही. कारण सांगते. परवा केंद्राच्या भिंतीवरचा तुझा नकाशा बघत होते. जांभळ्या दिसला त्या जागी तू टिकल्या लावल्या आहेस. सगळ्या खालच्या अंगाला. दरडीच्या वर, जिथून ओढा निघतो तिथं एक धबधबा काढलाय, आणि त्याच्याशी एकही टिकली नाही. मी केंद्रप्रमुखांना विचारलं, तिथं तो नसतो का? ते म्हणाले, "नसतो असं नाही. चढ फार आहे, तिथं हंगामभर कोण बसणार? बाई एकदा म्हणाल्या होत्या, कधीतरी जायचंय."

दरड खाली आली. धबधबा तिच्या वर आहे. वरचं पाणी तर तसंच असेल ना?

मी वाटाड्याला म्हटलं, "उद्या वर जाऊ."

"वर काही नाही, मोठ्या बाई."

"तुम्ही गेला होता?"

"नाही."

"मग कशावरून?"

त्यानं तोंडातला देठ थुंकला. मग म्हणाला, "त्या दिवशी बाईंना मी ओढून काढलं. पाय दगडाखाली होता. मला वाटलं, जोरात ओढलं तर पाय जाईल, नाही ओढलं तर बाई जातील. ओढलं. अजून रोज वाटतं, माझ्यामुळंच गेला."

मी त्याला सांगितलं की पाय दगडानं गेला, त्याच्यामुळं नाही. एक डॉक्टर म्हणून सांगते. "दाताच्या डॉक्टर ना तुम्ही?" तो म्हणाला. मी म्हटलं, "शरीर एकच असतं हो!" तो पहिल्यांदा हसला. पण वर यायला तयार झाला नाही.

मी एकटी जाईन.

ताई


१८ एप्रिल

बारके,

हे पत्र दोन दिवस लिहिते आहे. अक्षराला हसू नकोस, टेबलाचा एक पाय तोकडा आहे म्हणून हलतंय. (हे वाक्य खोडणार होते. राहू दे.)

एकटीच निघाले होते, सकाळी उजाडल्यावर. थोडं गेल्यावर मागून वाटाड्याचा आवाज आला, "मोठ्या बाई, तो रस्ता परसाकडचा आहे." आणि मग तो पुढं झाला. ढिगाऱ्यापाशी थबकला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि सरळ चढून गेला. मी त्याच्या मागून चार पायांवर.

दरड संपली आणि पुन्हा जंगल सुरू झालं. दार लोटून आत जावं तसं. एकदम गार. ऊन फक्त पानांच्या फटीतून, नाण्याएवढं नाण्याएवढं दगडांवर पडलेलं. आवाज आधी आला, मग धबधबा दिसला. काही मोठा नाही, दोन मजली घराएवढा. पण पाणी असं, की तळाचे खडे वेचून घ्यावेत.

कड्याच्या ओल्या शेवाळावर, माझ्या डोळ्यांच्या उंचीला, काहीतरी चिकटलेलं होतं. टाकीतल्या त्या बाळासारखं, पण वाळकं. पाठ उभी फाटलेली. आत काही नाही. मग आणखी एक दिसलं. मग खूप. आणि त्यांतल्या एकाची पाठ तेव्हाच उकलत होती.

मी खूप बाळंतपणं पाहिलेली नाहीत, पण ते तसंच होतं. आधी पाठीचं कुबड बाहेर आलं, मग डोकं, मग सगळं अंग उलटं लोंबकळत राहिलं. मला वाटलं मेलं. मी वाटाड्याचा दंड धरला. तो म्हणाला, "थांबा." मग त्या पिल्लानं एकदम उसळी घेतली, आपलीच कात पायांनी धरली आणि शेपूट सोडवून घेतलं. पंख म्हणजे चुरगळलेले कागदाचे बोळे होते. ते हळूहळू उलगडत गेले. रंग काहीच नव्हता, फिकट पिवळट, दुधाळ. माझे पाय पाण्यात बधिर झाले होते, पण हलवत नव्हते.

आणि मग पलीकडच्या दगडावर ऊन सरकलं आणि त्या उन्हात एक येऊन बसला. काळा. थोडा वळला तेव्हा पंखांवरून जांभळा रंग असा सरकला, जसा पिकलेल्या जांभळावरून उजेड सरकतो. पंख पसरलेले होते. मी दोनदा खात्री केली. उरलेल्या उन्हात दुसरा आला तर यानं त्याला हुसकून लावलं, पुन्हा जागेवर येऊन बसला. ऊन सरकलं तसा तोही सरकला. उन्हासाठी भांडणारा सावलीतला प्राणी! हे तुलाच आवडायचं.

एक रिकामी कात बरोबर पाठवते. दाताच्या कवळीच्या डबीत कापसावर ठेवली आहे. जपून उघड. मला ती कुणाची ते ओळखता येत नाही. तूच सांग.

वाटाड्या खाली येताना गाणं गुणगुणत होता.

ताई


५ मे

बारके,

तुझं पत्र आलं. पत्र! पाकिटातलं!

'कात जांभळ्याचीच आहे. मादीची. पोटाच्या टोकाखाली नखासारखं दिसतं, त्यावरून. वरच्या धबधब्यावर त्या आहेत म्हणजे दोन वर्षांत खालचं पाणी निवळलं तर त्यांची पिल्लं वाहत खाली येतील. येऊ शकतील. खात्री नाही. किती काती होत्या? उघड्या कड्यावर की कपारीत? दगड कोणत्या दिशेला? तू काहीच नीट लिहीत नाहीस.

'आणि ते टेबल मी स्वतः सुताराकडून बनवून घेतलंय, दगडासारखं घट्ट आहे. तू डाव्या हातानं लिहिलं आहेस. उजव्याला काय झालं?'

काही विशेष नाही. उतरताना घसरले आणि मनगट मोडलं. प्लास्टर आहे. तालुक्याच्या डॉक्टरनं विचारलं, "तुमचा धंदा काय?" मी सांगितल्यावर त्याचं तोंड पडलं. म्हणाला, पूर्वीसारखी पकड येईल असं नाही. मग मी त्याला सांगितलं, आमच्या घरात बायकांना एक-एक अवयव डोंगराला द्यायची प्रथा पडतेय. तो हसला नाही. कदाचित तूही हसणार नाहीस.

दवाखान्याचं आत्ता डोक्यात आणत नाही. तसंही दाढ उपटणं हा काही म्हातारपणापर्यंत करायचा उद्योग नव्हे, असं तुझे भावोजी फार दिवस म्हणताहेत. त्यांना अजून सांगितलेलं नाही. तूही आईला सांगू नकोस.

काती कपारीत होत्या. दगडाच्या दिशा मला कळत नाहीत. वाटाड्या म्हणतो, सूर्य डोंगरामागं जातो त्या अंगाला तोंड करून. तो आता दर दोन दिवसांनी स्वतःच वर जाऊन येतो.

ताई


१९ मे

बारके,

तुझं पत्र मिळालं. बरं वाटलं. वाईटही वाटलं, पण बरं जास्त वाटलं.

तू येतेस. नवा पाय कपाटातून काढलास, अंगणात चालतेस, पडतेस आणि आईला जवळ येऊ देत नाहीस, हे मला तिच्याकडून कळलं होतं. मीच तिला सांगितलं होतं की जवळ जाऊ नकोस.

आणि तुझी अट कळली. 'मी येईन तेव्हा तू तिथं असू नकोस. मला तसं चालताना तू बघावंस हे मला नको. दुसऱ्या कुणीही बघावं, तू नाही.'

ठीक आहे. गुरुवारी सकाळच्या जीपनं मी उतरते. तू दुपारी येशील, तोवर मी खालच्या गावात बसस्टँडवर असेन. खोली झाडून ठेवली आहे. चादरी धुतल्या आहेत. गमबूट कुठं ठेवायचे ते मला ठरवता आलं नाही. दाराशीच आहेत. तुझं तू बघ.

स्वयंपाकीणकाकू माझ्यावर रागावल्या आहेत. म्हणाल्या, "सख्ख्या बहिणी ना तुम्ही? एक आत आली की दुसरी बाहेर, घड्याळातल्या खेळण्यासारख्या." मी म्हटलं, "काकू, तिला यायचंय हे पुष्कळ आहे."

नीट ये.

ताई


२४ मे

आई,

हे पत्र तुला. फोन इथं वळणावर उभं राहून लागतो आणि मागं कुणीतरी ऐकत असतं, म्हणून लिहिते. मी आत्ता खाली नाही. वरच आहे. झालं ते सांगते.

गुरुवारी सकाळी जीप वेळेवर आली नाही. टायर बसला होता. निघेतो दुपार झाली. तुला माहीत आहे तो डोंगरातला रस्ता, एका गाडीपुरता. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. मधल्या वळणावर आलो आणि समोरून एक जीप चढत आली. दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. माझा जीपवाला म्हणाला, "चढणाऱ्याचा मान, आपल्याला मागं घ्यावी लागेल." आणि समोरच्या काचेतून मला ती दिसली.

मी खाली वाकले, आई. खरंच. या वयात, हाताचं प्लास्टर सांभाळत (मनगट मोडलंय, तुला कळवलं नव्हतं, रागावू नकोस) सीटखाली लपायला बघत होते, कारण शब्द दिला होता. जीपवाला म्हणाला, "काय हरवलं, बाई?"

तिकडं दार उघडल्याचा आवाज आला. मी वर पाहिलं. ती उतरत होती. आधी काठी, मग चांगला पाय, मग तो. तिचा ड्रायव्हर हात द्यायला धावला तर तिनं काठी उगारली. मी उतरले पण जागची हलले नाही. ती चालत आली. हळू आणि वेडंवाकडं आली, एकदा गाडीच्या नाकाला हात टेकला. मी तिच्या चेहऱ्याकडेच बघत होते, पायाकडे नाही. ती म्हणाली, "बघ की. बघितल्याशिवाय राहवणार आहे का तुला?" मग बघितलं.

"बरं चालतेस," मी म्हटलं.

"खोटं बोलू नकोस."

"वाईट चालतेस."

"हां."

मग ती रस्त्यावरच विचारू लागली. दोन्ही जीपवाले ऐकत होते.

"मी नाही म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंस."

"तू ऐकलं होतंस?"

"ऐकलं होतं."

"आणि तरी केलीस."

"तरी केली."

"मी तुझ्या जागी असते तर नसती केली, ताई. तू जे म्हणाली असतीस ते मी पाळलं असतं."

मी म्हटलं, "माहीत आहे. म्हणून तर म्हणते, डोंगर माझ्यावर नाही पडला ते बरं झालं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता काठी पडते डोक्यात. आणि मग ती हसायला लागली. लहानपणी नाक शिंकरल्यासारखी हसायची ना, तशी. हसता हसता तोल गेला, तेव्हा तिनं माझा हात धरला, तो नेमका प्लास्टरचा. मी बोंबलले. ती म्हणाली, "तुझाच दोष, हात मोडून कशाला आलीस?"

आई, एक सांगायचं आहे. तिनं मला विचारलं, "आई कुठं होती तेव्हा?" मी म्हटलं, बाहेर बाकावर. पेन आधी तुझ्या हातात दिलं होतं आणि तू ते माझ्याकडे सरकवलंस, हे मी तिला सांगितलं नाही. सांगणारही नाही. तूही सांगू नकोस, मनाला लावूनही घेऊ नकोस. तिला कुणातरी एकीवर रागवायचं होतं आणि कुणातरी एकीच्या हातचं जेवायचं होतं. वाटणी बरी झाली.

तिनं मला माफ केलं असं समजू नकोस. तसं ती म्हणाली नाही. म्हणाली ते असं: "मला त्या वरच्या धबधब्यापर्यंत एवढ्यात जाता येणार नाही. वाटाड्याला नर-मादीतलं कळत नाही, त्याला सगळेच 'ते' असतात. तुला कळतं?"

"आता कळतं," मी म्हटलं.

"दगडाच्या दिशा?"

"नाही."

"शिकशील," ती म्हणाली आणि आपल्या गाडीकडे वळली. दार लावून घेतलं आणि काचेतून माझ्या जीपवाल्याला खूण केली, घे मागं.

मग आम्ही वर आलो, आई. माझी जीप उलटी, तिची सुलटी, रुंद जागा सापडेतो वळणामागून वळणं. मागं वळून बघत जीपवाला गाडी घेत होता. मी पुढं तोंड करून बसलेली आणि ती माझ्याकडे तोंड करून. मध्ये दोन काचा. दुसरीकडे बघायला दोघींनाही जागा नव्हती. थोडा वेळ ती दरीकडे बघत होती, मी कड्याकडे. मग ती माझ्या जीपवाल्याला हातवारे करायला लागली, डावीकडं घे, सांभाळ, आणखी डावीकडं, आणि त्याला ती दिसतही नव्हती. मी तिचे हातवारे बघून त्याला सांगत होते. तो शेवटी म्हणाला, "बाई, तुम्ही दोघी गप्प बसाल तर गाडी नीट जाईल."

रुंद जागा आली तेव्हा त्यानं विचारलं, आता त्यांना पुढं जाऊ देऊन आपण खाली वळायचं ना? मी समोर पाहिलं. तिनं मान हलवली. नाही. मग तो उलटाच वर जात राहिला.